सार्वकालिक अकरा : कोण जातो, कोण थांबतो

प्रकल्प नोंदी, नागपूर

४ जानेवारी

फुटबॉलच्या सगळ्या काळांतल्या खेळाडूंमधून संघ निवडायचे आणि त्यांचे सामने कागदावर खेळवायचे, असा हा प्रकल्प. नियम ठरले. आठ संघ, प्रत्येकी १६ खेळाडू. निवड सापाच्या चालीने, म्हणजे पहिल्या फेरीत १ ते ८, दुसऱ्या फेरीत ८ ते १, मग पुन्हा तसेच. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. प्रत्येक नावापुढे त्याचा कोणता काळ धरायचा ते लिहून द्यायचे. १९६६ चा बेकेनबाउर मधल्या फळीत खेळणारा, १९७४ चा मागून संघ चालवणारा. दोन्ही एकदम मिळणार नाहीत. सामना कागदावर होईल. दोन्ही संघ एकेक पानाचा डाव लिहून देतील आणि तीन पंच दोन्ही पाने शेजारी ठेवून निकाल देतील.

सगळ्यांत जड अट शेवटची आहे: खेळाचे कायदे आजचे. १९९२ पासून सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हाताने उचलता येत नाही. १९९० पासून शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेतला खेळाडू ऑफसाइड, म्हणजे नियमाबाहेर पुढे गेलेला, धरला जात नाही. १९८२ च्या विश्वचषकात इटलीच्या जेंतिलेने ब्राझीलच्या झिकोचा शर्ट फाडेपर्यंत केले तसले मार्किंग (प्रतिस्पर्ध्याला चिकटून रोखणे) आज अर्ध्या तासात लाल कार्डावर जाईल. म्हणून 'अमुक माणूस तमुकाला बांधून ठेवील' हे वाक्य आमच्या पानावर येऊ द्यायचे नाही.

चिठ्ठीत आमचा पाचवा क्रमांक आला. म्हणजे आमच्या निवडी ५, १२, २१, २८, ३७, ४४, ५३, ६०, ६९, ७६, ८५, ९२, १०१, १०८, ११७ आणि १२४. दोन निवडींच्या मधे आळीपाळीने ६ आणि ८ नावे जातात. एकमेकांवाचून अडणारे दोन खेळाडू हवे असतील तर ते ५-१२ किंवा २१-२८ अशा जवळच्या जोडीत घ्यायचे. १२ नंतर २१ पर्यंत वाट पाहिली तर दुसरा गेलाच समजा.

७ जानेवारी

फलक तयार झाला. इतवारीतून जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा आणला, १०५ × ६८ सेंमी कापून १२ मिमी प्लायवर बसवला. १ सेंमी म्हणजे १ मीटर, त्यामुळे पूर्ण मैदान हिशेबाविना मोजता येते. पेनल्टी क्षेत्र साडेसोळा सेंमी खोल, ४०.३ रुंद; मधल्या वर्तुळाची त्रिज्या ९.१५; गोल ७.३. रेषा मार्करने मारल्या आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली, नाहीतर दोन दिवसांत पुसल्या जातात.

सोंगट्यांत चूक झाली. पहिल्यांदा लहान, ताकदीचे निओडिमियम चुंबक आणले. दोन सोंगट्या अडीच सेंमीच्या आत आल्या की टचकन चिकटतात किंवा एक दुसरीला ढकलते. फुटबॉलात दोन मीटरवर उभे राहून मार्किंग करणे हे रोजचे काम, आणि नेमके तेच या फलकावर करता येईना. आता रबरी चुंबकाच्या पट्टीतून १५ मिमीच्या चकत्या कापल्या आहेत. पकड कमी, पण सोंगट्या शेजारी शेजारी राहतात आणि बोटाने सरकतात. फलक भिंतीला टेकवू नये, आडवाच ठेवावा.

वेळेसाठी मेट्रोनोम लावला. एक ठोका म्हणजे एक सेकंद. पळणारी सोंगटी एका ठोक्याला जास्तीत जास्त ७ सेंमी, चेंडू पायात असेल तर ६, आणि लांब पास २० सेंमी. हे आकडे ढोबळ आहेत, पण दोन्ही संघांना सारखेच लागू होतात.

११ जानेवारी

यादी करण्याआधी कशाच्या मागे लागायचे ते ठरवले. चेंडू एकच असतो. अकरा थोर खेळाडूंपैकी दहांजवळ तो कोणत्याही क्षणी नसतो, तरीही असल्या संघांचे डाव लिहिताना लोक फक्त चेंडू असलेल्या माणसाचे वर्णन करतात.

५ जुलै १९८२, बार्सिलोनातले सारिया मैदान, विश्वचषकातला ब्राझील-इटली सामना. झिको, सॉक्रेटिस, फाल्काव, सेरेझो अशी मधली फळी पुन्हा क्वचितच कुणाला मिळाली. पण चौघेही मध्याकडे ओढले जात, उजव्या कडेला ठरलेला माणूस नव्हता. इटलीचा दुसरा गोल सेरेझोच्या आडव्या पासवर झाला. रॉसीने तो मधेच पकडला आणि त्या पासच्या मागे सावरायला कुणी नव्हते. इटली ३-२. रेयाल माद्रिदने २००३ मध्ये बचावापुढे थांबणारा माकेलेले जाऊ दिला. पुढे सगळे तारे तसेच होते, तरी २००३-०४ च्या लीगमध्ये संघ चौथा आला.

म्हणून आमची निवड जोड्यांनी होणार. ज्याला मोकळे सोडायचे त्याच्यासोबत, त्याच्या खऱ्या संघात जो थांबत असे त्याला किंवा त्याच जातीच्या माणसाला घ्यायचे. तीन जोड्या पुढे ठेवल्या:

बेकेनबाउर आणि श्वार्झेनबेक. बायर्न म्युनिकमध्ये आणि १९७४ च्या जर्मन संघात बेकेनबाउर चेंडू घेऊन वर जाई, कारण मागे श्वार्झेनबेक उभा असे.

गारिंचा आणि झगालो. १९५८ आणि १९६२ च्या विश्वचषकांत ब्राझीलचा डावा विंगर (कडेचा आघाडीवीर) झगालो मधल्या फळीत उतरे, त्यामुळे उजवीकडच्या गारिंचाला परत धावावे लागत नसे. ४-२-४ (बचाव, मधली फळी, आघाडी) चे ४-३-३ झाले ते मुख्यतः झगालोच्या पायांनी.

फाकेत्ती आणि बुर्गनिच. प्रशिक्षक एरेराच्या इंटर मिलानमध्ये डावा बॅक (कडेचा बचावपटू) फाकेत्ती हल्ल्यात जाई, उजवा बॅक बुर्गनिच जागा सोडत नसे.

याचा एक व्यवहारी फायदाही आहे. थांबणारी माणसे कुणी लवकर घेत नाही. पहिल्या ५० नावांत श्वार्झेनबेक जाणार नाही याची खात्री आहे.

१८ जानेवारी

निवड झाली. पेले, मॅराडोना, मेस्सी, क्रायफ हे पहिले चार. आमचे असे:

५ बेकेनबाउर (१९७४), १२ गारिंचा (१९६२), २१ गेर्ड म्युलर (१९७४), २८ फाकेत्ती, ३७ रायकार्ड (मिलानचा), ४४ नीस्केन्स (१९७४), ५३ रिवेलिनो (१९७०), ६० नॉयर (२०१४), ६९ जेर्सन (१९७०), ७६ बुर्गनिच, ८५ झगालो, ९२ श्वार्झेनबेक, १०१ फोग्ट्स, १०८ क्लोडोआल्डो, ११७ झेप मायर, १२४ जर्नेल सिंग.

म्युलरबद्दल दोन ओळी, कारण २१ व्या क्रमांकावर त्याच्याहून चमकदार नावे शिल्लक होती. ६२ आंतरराष्ट्रीय सामन्यांत ६८ गोल ही एक बाजू. आमच्यासाठी महत्त्वाचे हे की त्याला चेंडू लागतच नाही, लागतो तो एक स्पर्श. गारिंचा बाहेरून बॅकला मारून गोलरेषेपर्यंत जातो आणि चेंडू जमिनीलगत मागे देतो. १९५८ च्या अंतिम सामन्यात वाव्हाचे दोन्ही गोल जवळपास असेच झाले. १९७४ च्या अंतिम सामन्यात म्युलरचा गोलही उजवीकडून बोनहोफने दिलेल्या चेंडूवर. पहिला स्पर्श थोडा मागे गेला, तो जागेवरच वळला आणि मारला. शिवाय बेकेनबाउर-म्युलर ही भिंतीसारखी देवाणघेवाण बायर्नमध्ये वर्षानुवर्षे चाललेली. ती कुणाला शिकवावी लागत नाही.

नॉयर की याशिन यावर बराच वेळ गेला. १९६३ चा बॅलन डी'ऑर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) याशिनचा, गोलरक्षकाला मिळालेला तो एकमेव. पुढे येऊन खेळण्यातही तो काळाच्या पुढे होता. पण बॅकपासचा कायदा आजचा आहे आणि आमची बचावाची रेषा उंच, म्हणजे आमच्या गोलपासून दूर असणार. ३० जून २०१४ ला पोर्तो अलेग्रेत अल्जीरियाविरुद्ध नॉयर पेनल्टी क्षेत्राबाहेर येऊन जणू पाचवा बचावपटू म्हणून खेळला. आम्हाला तेच काम हवे आहे.

जर्नेल सिंग शेवटच्या निवडीत घेतला, आणि तो नावापुरता नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हा मूळचा स्टॉपर (मधला बचावपटू) प्रशिक्षक रहीमसाहेबांनी अंतिम सामन्यात आघाडीला खेळवला. भारत २, दक्षिण कोरिया १. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलचा. बाकावरची एक जागा दोन कामांना पुरते.

२२ जानेवारी

पहिली मांडणी ४-३-३. नॉयर, बुर्गनिच, श्वार्झेनबेक, बेकेनबाउर, फाकेत्ती, नीस्केन्स, रायकार्ड, जेर्सन, गारिंचा, म्युलर, रिवेलिनो.

कसोटी: हल्ला डावीकडून. फाकेत्ती वर, रिवेलिनो आत, बेकेनबाउरही वर. आमच्या गोलपासून ८० मीटरवर चेंडू गेला. त्यांचा उजवा विंगर कडेला ५५ वर (हे आकडेही आमच्या गोलपासूनच) उभा. तिरपा लांब पास दोन ठोक्यांत पडतो, विंगर तोवर ४१ वर येऊन तो घेतो आणि पाचव्या ठोक्याला २३ वर असतो. श्वार्झेनबेक ४० वर, आडवा ३० दूर. अंतर साडेचौतीस सेंमी, पाच ठोके × ७ = ३५. पोचला. सगळ्यांना समाधान वाटले.

२५ जानेवारी

ते समाधान खोटे होते. चेंडू गमावल्यावर माणसाला वळायला आणि उमगायला वेळ लागतो हे आम्ही धरलेच नव्हते. नवा नियम: चेंडू गमावणाऱ्या बाजूच्या सोंगट्या पहिला ठोका हलणार नाहीत. आता श्वार्झेनबेकला चारच ठोके, म्हणजे २८ सेंमी. साडेसहा मीटर कमी पडले. आणि पोचला असता तरी मध्ये बुर्गनिच एकटा दोघांसमोर राहत होता.

मूळ दोष रिवेलिनोचा नाही, आमचा आहे. १९७० च्या ब्राझीलमध्ये रिवेलिनो डावीकडून आत येई, पण त्याच्यामागचा एव्हेराल्दो जागेवर थांबे. वर जाई तो दुसऱ्या कडेचा कार्लोस आल्बेर्तो. अंतिम सामन्यातला इटलीविरुद्धचा चौथा गोल पाहावा. क्लोडोआल्डो स्वतःच्या अर्ध्यात चौघांना चकवतो, रिवेलिनो कडेने लांब देतो, जाइरझिन्हो फाकेत्तीला आत ओढून नेतो, पेले न बघता उजवीकडे सोडतो आणि कार्लोस आल्बेर्तो मागून येतो. त्या क्षणी डावा बॅक वर नाही. आम्ही आत येणारा विंगर एका संघातून आणि वर जाणारा बॅक दुसऱ्या संघातून घेऊन दोघांना एकाच कडेला बसवले होते.

रिवेलिनो बाकावर, झगालो अकरात. तीच कसोटी पुन्हा. फाकेत्ती वर गेला की झगालो ५८ च्या आसपास उभा राहतो, विंगरपासून फार तर ८ मीटर. चेंडू गेल्यावर त्याने हिसकावायचा नाही, फक्त विंगरला कडेला धरून दोन ठोके उशीर करायचा. तेवढ्यात श्वार्झेनबेकला मध्य सोडायची गरजच उरत नाही.

दुसरा नियम इथेच पक्का केला: फाकेत्ती आणि बेकेनबाउर यांपैकी एका वेळी एकच वर. बेकेनबाउर निघाला तर रायकार्ड त्याच्या जागेवर उतरतो आणि फाकेत्ती मधल्या रेषेवर थांबतो. पाच पुढे, पाच मागे, हा हिशेब कधी मोडायचा नाही. ५३ वी निवड वाया गेली असे म्हणता येईल. आम्ही म्हणत नाही, पण तेव्हाच झगालोला अकरात धरले असते तर तिथे एखादा खरा प्लेमेकर (खेळ रचणारा) आला असता.

२ फेब्रुवारी

पहिला प्रतिस्पर्धी कळला. त्यांच्याकडे मेस्सी मध्ये, खोट्या नऊच्या जागी (आघाडीवीर म्हणून मांडलेला, पण मागे सरकून खेळणारा), आणि दोन्ही कडांना आत धावणारे विंगर. जुने दुखणे आहे. २५ नोव्हेंबर १९५३ ला वेंब्लीवर हिदेगकुटी मागे सरकला आणि इंग्लंडच्या हॅरी जॉन्स्टनला शेवटपर्यंत कळेना की त्याच्यामागे जावे की जागा धरावी. हंगेरी ६-३, हिदेगकुटीचे तीन. २ मे २००९ ला माद्रिदमध्ये मेट्झेल्डर आणि कान्नावारोसमोर मेस्सीने तोच प्रश्न ठेवला, बार्सिलोना ६-२. स्टॉपर मागे गेला तर ऑन्री त्या जागेत घुसतो, थांबला तर मधल्या फळीत त्यांचा एक माणूस जास्त.

फलकावर तीन उत्तरे तपासली. श्वार्झेनबेक पाठलाग करतो: सगळ्यांत वाईट, कारण मध्य सोडला की तो हरवतो. रायकार्ड एकटा सांभाळतो: चालते, पण मेस्सी दोन ठोक्यांत दुसऱ्या कप्प्यात जातो आणि रायकार्ड ओढला जातो. तिसरे घेतले. मेस्सी रायकार्डकडेच, मात्र त्याला पास मिळताना त्याचे तोंड त्याच्याच गोलकडे असेल तर बेकेनबाउर पुढे येऊन पाठीमागून दाबतो. तोंड आमच्याकडे असेल तर बेकेनबाउर हलत नाही, रेषा दोन-तीन मीटर मागे सरकते आणि दोन्ही बॅक आत आवळतात. निर्णय एकाच खुणेवर, पाठ की तोंड. हे पानावर ठळक लिहायचे.

पुढून दबाव टाकायचा नाही असेही ठरले. म्युलर आणि गारिंचा यांच्याकडून पळून चेंडू हिसकावण्याची अपेक्षा ठेवली तर त्यांना घेतले कशाला? चेंडू नसताना ४-४-२: झगालो, जेर्सन, रायकार्ड, नीस्केन्स अशी चौघांची ओळ, वर ते दोघे. बचावाच्या ओळीपासून म्युलरपर्यंत २५ मीटर, प्रशिक्षक साकीच्या एसी मिलानचे माप. फलकावर २५ सेंमीची लाकडी पट्टी ठेवूनच सोंगट्या हलवायच्या.

५ फेब्रुवारी

रेषा आणि नॉयर. रेषा ४० वर, नॉयर २० वर. पाठीमागे टाकलेला चेंडू २६ वर पडतो. त्यांच्या आघाडीवीराला १४ मीटर म्हणजे दोन ठोके, नॉयरला ६ मीटर म्हणजे एक. तोच नॉयर गोलजवळ ६ वर उभा असता तर त्याला २० मीटर, तीन ठोके. इतका साधा हिशेब.

बिघडते कधी? चेंडूधारकावर दबाव नसताना. डोके वर करून बघायला वेळ मिळालेला माणूस ५० मीटरवरून डोक्यावरून टाकू शकतो. चेंडू अडीच ठोक्यांत गोलमध्ये, आणि उलट्या पावलांनी २० मीटर कुणालाच जमत नाही. म्हणून: दबाव असेल तर ४० आणि २०. नसेल तर ३२ आणि १२, आणि हाक नॉयरने द्यायची. ऑफसाइडवर विसंबायचे नाही. सम रेषेतला माणूस आज ऑनसाइड आहे, हात वर करून थांबलेला बचावपटू म्हणजे एक माणूस कमी.

८ फेब्रुवारी

मैदानावर चालून पाहिले, सकाळी साडेसहा ते आठ. फक्कीने अर्धे मैदान आखले, पेनल्टी क्षेत्राचे मोजमाप टेपने दोनदा तपासले. मोहननगर आणि कामठीकडचे १८ पोट्टे आले होते. पाठीवर नावे नाहीत, फक्त भूमिका सांगितल्या. बचावाच्या ओळीपासून पुढच्या दोघांपर्यंत २५ मीटरची सुतळी धरायला लावली. सैल पडली किंवा ताणली की थांबायचे, जागा दुरुस्त करायच्या, पुन्हा सुरू. सुतळी जमिनीपासून उचलून धरली तर पायांत येते. हातात घेऊन चालण्याच्या वेगातच हा सराव करावा.

थांबण्याचे काम सगळ्यांत अवघड निघाले. झगालोच्या जागेवरचा पोरगा दर वेळी फाकेत्तीसोबत वर निघे. "भाऊ, मी इथंच थांबू का? चेंडू तर तिकडं चालला." चौथ्या वेळी त्याला चेंडूकडे नाही, त्यांच्या विंगरकडे बघायला सांगितले. तिथून पुढे पाय आपोआप थांबले. पानावर 'झगालो ५८ वर' असे लिहिण्याऐवजी 'झगालोची नजर विंगरवर, अंतर ८ मीटर' असे लिहायचे.

दुसरी गोष्ट फलकाने कधीच सांगितली नसती. गारिंचा परत येत नाही म्हणून नीस्केन्सने दर वेळी आतून उजव्या कडेपर्यंत १८ मीटर धावायचे असे आम्ही लिहिले होते. मैदानावर सलग आठ वेळा केल्यावर तो गडी स्पष्ट उशिरा पोचू लागला. सोंगटी दमत नाही, त्यामुळे फलकावर हे सतराव्या वेळीही जमले असते. बदल: चेंडू डावीकडे गमावला तर नीस्केन्स जागेवरच, पूर्ण रेषा ६ मीटर उजवीकडे सरकते आणि बुर्गनिच कडेला जातो. उजवीकडे गमावला तरच नीस्केन्स धावतो. अर्धे धावणे वाचले.

१५ फेब्रुवारी

कॉर्नर आणि पेनल्टी पटकन उरकले. आमच्या कॉर्नरवर फाकेत्ती, रायकार्ड, श्वार्झेनबेक, म्युलर आत, रायकार्ड (उंची १.९० मीटर) पहिल्या खांबाकडे. बेकेनबाउर क्षेत्राच्या काठावर. मागे बुर्गनिच, झगालो, नीस्केन्स. जेर्सन डाव्या पायाने उजवीकडून आत वळणारा मारतो, डावीकडून गारिंचा. पेनल्टी नीस्केन्सकडे. १९७४ च्या स्पर्धेत त्याने तीन मारल्या, तिन्ही आत. अंतिम सामन्यातली तर जर्मनीच्या एकाही खेळाडूचा चेंडूला स्पर्श होण्याआधी मिळालेली.

बदल: पुढे असलो तर ७० व्या मिनिटाला जेर्सनच्या जागी क्लोडोआल्डो. मागे असलो तर रिवेलिनो आत, पण झगालोच्या जागी नाही, जेर्सनच्या. हे लिहायला हात कचरतो, कारण लांब पास देणारा डावा पाय जातो. तरीही झगालो काढला की डावी कड पुन्हा २२ जानेवारीसारखी उघडी पडते.

२२ फेब्रुवारी

मेस्सीवाल्या संघाविरुद्ध निकाल २-१ आमच्या बाजूने. पंचांनी 'पाठ की तोंड' हा नियम उचलून धरला. एक आक्षेप योग्य होता: ४-४-२ मध्ये जेर्सनच्या शेजारची जागा ते ओळखतील आणि सगळे खेळणे तिकडेच वळवतील. पुढच्या पानात रायकार्ड ३ मीटर डावीकडे.

उपांत्य सामना मॅराडोनाच्या संघाशी, मांडणी १९८६ सारखी ३-५-२. त्या वर्षीच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध जर्मनी २-२ करून वर चढली होती. मॅराडोना मध्य वर्तुळाजवळ वेढलेला असताना त्याने एकाच स्पर्शात पास सोडला आणि त्याचा सहकारी बुरुचागा मोकळा धावला. वेढा घालायला जितकी माणसे जातात, तितकी मागे कमी होतात. आमच्या पानावर: मॅराडोना मधल्या रेषेच्या पलीकडे असेल तर एकच माणूस, रायकार्ड, तोही दीड मीटर सोडून. बेकेनबाउर मागेच. ३-५-२ मध्ये कडांना एकेकच माणूस असतो, म्हणून गारिंचाने उजव्या रेषेवर चुन्याला पाय लावून उभे राहायचे. त्यांचा डावा स्टॉपर बाहेर आला की म्युलरसाठी मध्ये दोनच उरतात.

फलकावर ही मांडणी लावून ठेवली आहे. झगालोच्या सोंगटीखालचा रबरी चुंबक सैल झालाय, तो बदलायचा.